ती रडली की नाही

दादांना क्षय झाला तेव्हा आम्ही खडकीला क्वार्टर्समध्ये राहत होतो. एक खोली, पुढं पत्र्याचा आडोसा, आणि सगळ्या ओळीला मिळून एक नळ. दादा म्हणजे माझे वडील. दारूगोळ्याच्या कारखान्यात मजूर होते. आधी खोकला, मग ताप, मग एक दिवस थुंकीत रक्त दिसलं आणि त्यांना गावाबाहेरच्या दवाखान्यात नेऊन ठेवलं. तिथं मुलांना आत सोडत नसत. आई रविवारी जायची, आणि परत आली की आडोशात लुगडं बदलून, हातपाय धुऊन मगच आम्हाला जवळ घ्यायची. पगार आधी अर्धा झाला, मग तोही थांबला.

आईनं मिरच्या कुटायला घेतल्या. उन्हाळ्यात क्वार्टर्समधल्या बायका वर्षाचं तिखट करून ठेवत. आईनं घराघरांतून मिरच्या आणल्या, आडोशाला उखळ बसवलं आणि नाकातोंडाला ओलं फडकं बांधून कुटत बसली. उन्हाळा सरला की गोधड्या शिवायच्या, उन्हाळा आला की मुसळ हातात. घरात पाऊल टाकलं की ठसका लागायचा. धाकटा भाऊ तर खोकून खोकून निळा पडायचा, आणि मग खोकल्याचा आवाज ऐकून आई घाबरायची, याला पण लागण झाली की काय म्हणून. तिचे डोळे कायम लाल. डोळ्यांना पाणी असायचंच, पण ते मिरचीचं असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. शेजारणी म्हणायच्या, "बाई मोठी धीराची. नवरा तिकडं तसा, पण कधी रडताना बघितली नाही."

आम्ही भाकरीबरोबर काय खात होतो ते मी सांगणार नाही. दुसऱ्याची गरिबी वाचून हळहळणारे लोक मला आवडत नाहीत. आम्ही जगलो, आणि मी शिकले. आईच्या माहेरी आणि दादांच्या घरी, दोन्हीकडे मिळून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी मिरवते, आणि मिरवणारच.

दादा बरे होऊन घरी आले ती दुपार मला लख्ख आठवते. ते भिंतीला टेकून बसले. अंग निम्मं झालं होतं, गळ्याभोवती सदरा ढिला. आई चुलीपुढं बसून भाकरी थापत होती, त्यांच्याकडं पाठ करून. ताट तिनं न वळताच मागं सरकवलं. भाकरी झाली की हात मागं करून ताटात टाकायची. मी उंबऱ्यावर बसून एकदा त्यांच्याकडं, एकदा हिच्या पाठीकडं बघत होते. बऱ्याच वेळानं दादा म्हणाले, "आमटी चांगली झालीय." आई वळली नाही. एवढंच बोलणं झालं. मग दादा हात धुऊन झोपले, आणि आई उखळापाशी गेली.

त्याच वर्षी गणपतीत मैदानावर तो सिनेमा आला.

मैदान म्हणजे क्वार्टर्सच्या मागची मोकळी जागा. मधोमध दोन बांबू रोवायचे आणि त्यांना पांढरं कापड ताणून बांधायचं. पुढच्या बाजूला मशीन, आणि मशीनच्या आजूबाजूला पुरुष पोती अंथरून बसत. बायका आणि पोरी पडद्याच्या मागच्या बाजूला. असा नियम कुणी लिहून लावला नव्हता, पण होता. मागून चित्र अंधूक दिसे, म्हणून सुरू व्हायच्या आधी बायका कापडावर बादल्यांनी पाणी मारत. ओल्या कापडातून चित्र आरपार स्पष्ट येतं. पण सिनेमा लांबला आणि वारा सुटला की कापड वाळत जायचं, आणि शेवटाकडं आम्हा मागच्यांना माणसांच्या नुसत्या सावल्या दिसायच्या. मध्येच उठून पाणी मारायला गेलं तर पुढून पुरुष ओरडत, "ए, पावसात चाललंय का नाटक? बसा खाली!"

मागून सगळं उलटं. मी तेव्हा नुकती वाचायला शिकले होते आणि दिसेल त्या पाटीवरची अक्षरं मोठ्यानं वाचत सुटले होते. पडद्यावर नावं आली, आणि मला एक अक्षर लागेना. आई सगळ्यांसमोर म्हणाली, "डब्यावरचं वाचती, पाटीवरचं वाचती, मग हे का न्हाई? मास्तर काय नुसती हजेरी घेतो का?" बायका हसल्या. मला रडू आलं. आईला स्वतःला वाचता येत नव्हतं, त्यामुळं अक्षरं उलटी आहेत हे तिला कळणार कसं? पुढं शाळेत आरसा धरून अक्षरं वाचायचा खेळ बाईंनी दाखवला तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी धावत घरी जाऊन आईला समजावलं. ती म्हणाली, "असंल बाई. तू शिकलीस." तिचा विश्वास बसला नव्हता, हे तिच्या आवाजावरून कळलं.

तिचं आपलं एक शास्त्र होतं. सिनेमातली माणसं डाव्या हातानं जेवतात, कारण ती सिनेमातली. बायका पदर उजव्या खांद्यावर घेतात, कारण सिनेमातल्या बायका निम्म्या गुजराती असतात. हे तिला कोणी सांगितलं माहीत नाही. पण क्वार्टर्समधल्या सगळ्या बायकांचं यावर एकमत होतं.

आता त्या सिनेमाची गोष्ट सांगते. फार मोठी नाही. एक माणूस बायकोला आणि लहान मुलीला गावाकडं सोडून शहरात कामाला जातो आणि वर्षानुवर्षं परत येत नाही. निरोप नाही, काही नाही. बाई लोकांच्या शेतात राबून पोर वाढवते. मग एका दुपारी तो परत येतो आणि अंगणात बसतो. ती काही बोलत नाही. आत जाते, ताट वाढून आणते, त्याच्यापुढं ठेवते आणि दारात जाऊन उभी राहते. तो जेवतो. पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत, सगळं जेवण पडद्यावर होतं. गाणं नाही, पेटी नाही, बोलणं नाही. शेवटी ती घराला कडी घालून पोरीचा हात धरून चालायला लागते, आणि तो तिचं गाठोडं उचलून बऱ्याच अंतरावरून मागं मागं जातो. संपला.

जेवणाच्या त्या प्रसंगाला पूर्ण मैदान गप्प झालं. रडणारी पोरंही गप्प. मागच्या बाजूला कापड तोवर कोरडं पडलं होतं. दारात उभी असलेली बाई आम्हाला नुसती काळी आकृती दिसत होती. केस, खांदा, पदर. तोंड नाही. आईनं मान वाकडी करून, डोळे बारीक करून पाहिलं. शेजारणीला म्हणाली, "आपल्याला दिसंना गं. पुढं बसलेल्यांना तिचं तोंड दिसत असंल."

घरी आल्यावर आईनं दादांना विचारलं, "अहो, तुम्ही पुढं होता. तो जेवत होता तवा ती रडली का?"

दादा विडी सोडल्यापासून तोंडात बडीशेप ठेवत. ती चघळत म्हणाले, "न्हाई."

"न्हाई कशी?"

"न्हाई म्हंजे न्हाई. उभी होती."

"तुम्हाला दिसलं नसंल."

"पुढं बसून दिसत न्हाई व्हय? न्हाई रडली ती. तशी बाई नव्हती."

आई भांडी आवरताना म्हणाली, "रडली असणार. पुरुषांना काय दिसतंय?"

भांडण तिथं सुरू झालं.

तो सिनेमा नंतर बरीच वर्षं गणपतीत येत राहिला. बायकांचीच मागणी असायची. मंडळाची पोरं म्हणत, नवा मारामारीचा आणू, तर बायका म्हणत, मग वर्गणी मारामारीवाल्यांकडनंच घ्या. दरवर्षी आई ठरवायची की यंदा कापड वाळू द्यायचं नाही. एकदा तर तिनं बादली भरून जवळच ठेवली आणि जेवणाच्या प्रसंगाआधी उठून जोरात पाणी फेकलं. ते कापडावर कमी आणि पुढं मशीनवाल्याच्या अंगावर जास्त गेलं. त्यानं मशीन बंद केलं आणि काय काय बोलला. उरलेला सिनेमा त्या वर्षी झालाच नाही. दादा घरी येऊन म्हणाले, "आता तरी पटलं का? रडायला ती बाई पडद्यावर आलीच न्हाई." आई दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

तुम्ही विचाराल, पुढं जाऊन बसायला काय झालं होतं? मी पण तिला विचारलं होतं. ती म्हणाली, "पुढं पुरुष बसत्यात." मी म्हटलं, "मग काय झालं?" ती माझ्याकडं असं बघायला लागली, जणू मी तिला मशीनवाल्याच्या मांडीवर जाऊन बस म्हणाले.

मग काही वर्षांत घराघरांत टीव्ही आले. मैदानावर सिनेमे बंद झाले. रिळं भाड्यानं देणाऱ्यानं दुकान मोडलं. बांबूंच्या खड्ड्यांत पोरं गोट्या खेळायला लागली. दादांना कारखान्यात हलकं काम मिळालं होतं, ते निवृत्तीपर्यंत त्यांनी केलं. मी मॅट्रिक झाले, मग कॉलेजला गेले. सायकलवरून पूल ओलांडून, भर उन्हात, एकच बरी साडी रोज रात्री धुऊन वाळत घालून. बी.ए. झाले, बी.एड. केलं आणि शहरातल्या एका जुन्या शाळेत मराठी शिकवायला लागले. शिक्षकांच्या खोलीत एक बाई पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या, "खडकीच्या का तुम्ही? बोलण्यावरून वाटत नाही हं." मी म्हटलं, "वाटायला काय हवं होतं? सांगा, उद्यापासून तसं बोलते." त्यानंतर त्या माझ्याशी जपून बोलायच्या. पुण्यात राहायचं तर एवढं यायला लागतं.

सिनेमाचं वेड मला होतंच. पगार हातात आल्यावर एका सुट्टीत मी चित्रपट समजून घेण्याचा एक वर्ग केला. तिथं शिकलेली, सफाईदार माणसं. अभिजात सिनेमा कशाला म्हणायचं यावर तिथं पुष्कळ बोलणं झालं. प्रकाश, सावली, कॅमेरा कुठं ठेवला, काळाच्या पुढं होता का, माणसाच्या मूलभूत दुःखाला हात घालतो का. सगळं खरंच होतं, मी उतरवून घेतलं, आणि आजही त्यातलं पुष्कळ मानते. पण मला सारखं वाटत होतं की या सगळ्या गोष्टी असूनही किती सिनेमे मेले. माझ्या तरुणपणी एक सिनेमा मी अधाशासारखा पुन्हा पुन्हा पाहिला होता. नायकाच्या केसांसाठी. गाणी पाठ होती. परवा तो टीव्हीवर लागला तर मला दहा मिनिटांत जांभई आली. म्हणजे सिनेमा काही बदलला नव्हता. त्यात बघायचं होतं ते सगळं मी तेव्हाच बघून संपवलं होतं.

आणि क्वार्टर्सच्या मैदानावरचा तो सिनेमा संपतच नव्हता. आईदादा वर्षातून चारदा तरी त्यावरून भांडत. भाजीत तिखट जास्त झालं की दादा म्हणायचे, "त्या सिनेमातल्या बाईनं बघ, बिनबोलता कसं छान वाढलं." आई म्हणायची, "ती रडत रडत वाढत हुती, तुम्हाला दिसलं न्हाई." "तुला मागनं दिसलं व्हय?" "मला दिसायची गरज न्हाई." मग दादा हसायचे आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावायचे. मी ऐकत असायचे. मला वाटायचं, म्हातारपणी लोकांना वेळ घालवायला काही तरी लागतं, तसं हे. मी शिकलेली होते ना. मला सगळ्याचं कारण माहीत असायचं.

खरं सांगायचं तर मलाही ठाम वाटायचं की पुढून त्या बाईचं तोंड दिसतं. पडद्याच्या मागं बसलं म्हणून कुणी पाठमोरं दिसत नाही, फक्त डाव्याचं उजवं होतं, एवढं गणित मला यायला हवं होतं. पण लहानपणी जे मनात बसतं ते पुन्हा तपासायला कोण जातं? आईनं सांगितलं, पुढच्यांना दिसतं, म्हणजे दिसतं.

दादा निवृत्त झाले आणि क्वार्टर सोडावं लागलं. आम्ही धायरीला आईच्या माहेरगावी घर बांधलं. तेव्हा ते गावच होतं. आता तिथं इमारतींच्या सावलीत आमचं बसकं घर कुणाला पत्ता सांगूनही सापडत नाही. तिथंच दादा गेले. छातीनं शेवटी पुन्हा दगा दिला. जायच्या आधी काही महिने आई त्यांना म्हणाली होती, "तो सिनेमा एकदा लागू दे टीव्हीला. मग बघा तुम्ही कसे खोटे पडता." दादा म्हणाले, "लागू दे. पण माझ्या शेजारी बसून बघायचा. मागं जाऊन बसायचं न्हाई." टीव्हीच्या मागं जाऊन बसलेली आई डोळ्यांपुढं आणून मी हसले होते. तो सिनेमा टीव्हीला कधी लागला नाही.

दादा गेल्यावर आईनं मनावरच घेतलं. "मला पुढनं बघायचाय," ती म्हणायची. "एकदाच. तिचं तोंड बघायचंय." तोवर तिला काचबिंदू झाला होता. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, गेलेली नजर परत येत नाही, आहे ती टिकवायची. कडेचं दिसणं तिचं आधी गेलं. मग मधलं वर्तुळ लहान लहान होत गेलं. नळकांड्यातून बघावं तसं. ताटातली भाजी दिसायची तर आमटी दिसायची नाही. थेंब घालणं, वेळा पाळणं हे सगळं मी केलं, पण ते वर्तुळ काही थांबलं नाही.

मी शोधायला लागले. वर्गातल्या ओळखींना विचारलं. एकानं सांगितलं, तो निर्माता कधीच बुडाला, रिळं कुठं असतील देव जाणे. दुसऱ्यानं सांगितलं, जुनी काळीपांढरी रिळं चांदी काढायला वितळवून टाकतात, त्यात गेली असतील. ते ऐकून मला खरंच धक्का बसला. आमच्या मैदानावरची ती बाई कुणाच्या तरी पैंजणात गेली असेल! भावाचा मुलगा खराडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. त्याला म्हटलं, तू बघ. त्यानं रविवारी बसून शोधलं.

"आत्या, कुठंच अपलोड नाहीये हा पिक्चर. फक्त एक क्लिप आहे, ती पण गाण्याची."

"त्यात गाणं होतं?"

"आहे ना. विहिरीवरचं. प्रिंट एकदम बेकार."

आईनं ते गाणं त्याच्या मोबाईलवर पाहिलं, म्हणजे मोबाईल डोळ्याला लावून पाहिला. "हे आमच्यात कधी लागलं न्हाई," म्हणाली. आमच्याकडं येणाऱ्या रिळात ते गाणं तुटून गेलेलं असणार. मला वाटलं, बरं झालं तुटलं.

पुढं बरीच वर्षं गेली. ही वर्षं मला आता बोचतात. माझा इलाज नव्हता, हे मला माहीत आहे, तरी बोचतात. मग एकदा जुने सिनेमे दाखवणाऱ्या एका चित्रपट मंडळातल्या गृहस्थांचा फोन आला. त्यांनाही मी विचारून ठेवलं होतं. प्रत सापडली होती. कुणाच्या तरी गोदामात, डबे गंजलेले, पण आतली रिळं बरी होती. रविवारी सकाळी छोट्या सभागृहात दाखवणार होते. मी म्हटलं, मी आईला घेऊन येते. ते म्हणाले, "आणा की. पण सिनेमा मोठा आहे हो, आजींना बसवेल का? मध्ये उठून गेलं की बाकीच्यांना त्रास होतो."

आई माझ्या कानाशी कान लावून ऐकत होती. तिनं फोन माझ्या हातातून घेतला. "अहो, मी खडकीला मातीत बसून बघितलाय तो. तुमच्या खुर्च्या चावत असल्या तर सांगा, पोतं घेऊन येते."

ते गृहस्थ हसले. पहिल्या रांगेत मधल्या दोन खुर्च्या त्यांनी आमच्यासाठी राखून ठेवल्या.

रविवारी आईनं इस्त्रीचं पातळ नेसलं. सभागृहात शिरल्यावर तिनं हात लावून खुर्ची बघितली, मग पडद्याकडं तोंड करून बसली आणि मान या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली. पूर्ण पडदा तिला एकदम दिसत नव्हता. अंगणात झाडू मारावा तशी नजर फिरवत ती तुकड्या-तुकड्यानं बघत होती. दिवे गेले. नावं आली. मी त्या सिनेमाची नावं आयुष्यात पहिल्यांदा वाचली.

"उजव्या हातानं जेवतोय की हा!" आई मोठ्यानं म्हणाली. मागून कुणीतरी श्शू केलं. "आणि पदर बघ, डाव्या खांद्यावर. आपल्यासारखाच. मी उगाच म्हणायचे गुजराती." मागून पुन्हा श्शू. आई मागं वळून म्हणाली, "तुम्हाला ठाऊक असंल, आम्हाला आत्ता कळतंय." पुन्हा कुणी श्शू केलं नाही.

जेवणाचा प्रसंग जवळ आला तसा तिनं माझा हात धरला. तो माणूस अंगणात आला. बसला. बाई आत गेली, ताट घेऊन आली, ठेवलं, आणि दारात जाऊन उभी राहिली. पाठमोरी. तोंड घराच्या आत, अंधाराकडं.

"आता फिरंल," आई म्हणाली.

तो जेवत होता. भाकरी मोडल्याचा आवाज येत होता. मैदानावर तो कधी ऐकू आला नव्हता.

"फिरली का?"

"नाही आई."

"मला नीट दिसंना. तू बघ."

"बघतेय. पाठमोरीच आहे."

तिची नजर दारावर खिळली होती, आणि दाराएवढंच तिच्या वर्तुळात मावत होतं, म्हणजे त्या बाईखेरीज तिला काही दिसत नसणार. त्याचा शेवटचा घास झाला, त्यानं पाणी प्यायलं, ताटाला हात लावून नमस्कार केला. बाई वळली नाही. कॅमेरा तिच्या पुढच्या बाजूला गेलाच नाही. मग एकदम घराच्या कडीचं दृश्य, आणि ती चालायला लागली होती. तेव्हाही लांबून. तोंड नाही.

आईनं माझा हात सोडला. मग हळू आवाजात म्हणाली, "म्हंजे ह्यांना बी दिसलं नव्हतं."

"नाही."

"इतकी वर्षं पुढं बसून?"

"नाही दिसलं, आई. दिसणारच नव्हतं कुणाला."

"मग कशावरनं म्हणायचे, रडली न्हाई म्हणून?"

वर्गात मला हे सहज समजावून सांगता आलं असतं. दिग्दर्शकानं तोंड दाखवलं नाही, म्हणून बघणारा आपलं काही तरी तिथं ठेवतो, आणि जिथं असं ठेवायला जागा असते तो सिनेमा टिकतो. हे मी नंतर मुलांना शिकवलंही आहे. चुकीचं नाही ते. पण आईचा प्रश्न दिग्दर्शकाबद्दल नव्हता.

बाहेर ते गृहस्थ भेटले. "कसा वाटला, आजी?"

"बरा हाय. पाणी न मारता दिसला," आई म्हणाली. त्यांना काही कळलं नाही. मीही उलगडून सांगितलं नाही.

घरी आल्यावर मी चहा टाकला. ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "दवाखान्यातनं आले त्या दिवशी मी भाकरी थापत हुते. आठवतं तुला?"

"आठवतं."

"रडत हुते मी. ते जेवून उठंपर्यंत. आवाज येऊ दिला न्हाई. ह्यांना वाटलं असंल, हिला काही वाटलं न्हाई, पाठ करून बसली." चहा उतू जायला आला, मी गॅस बारीक केला. "मला सांगायचं हुतं एकदा. पण असं कोण सांगतं का नवऱ्याला, मी रडले म्हणून? मग त्या बाईचं सांगत राहिले."

मी म्हटलं, "दादांना कळलं असेल."

"कळलं असतं तर ते न्हाई म्हणाले नसते."

मी चहा कपांत गाळला. कदाचित त्यांना कळलं होतं आणि म्हणूनच ते दरवेळी न्हाई म्हणत होते, तिच्या तोंडून ऐकायला. कदाचित खरंच कळलं नव्हतं. तो सिनेमा दादा असताना सापडला असता, तर दोघं शेजारी बसली असती आणि दोघांपुढं ती पाठमोरी बाई उभी राहिली असती. मग काही तरी बोलणं झालं असतं. किंवा दादा फक्त "आमटी चांगली झालीय" असंच काहीतरी म्हणाले असते. मला माहीत नाही. ते मला कधीच कळणार नाही, आणि आईलाही कळलं नाही.

पुढच्या वर्षात तिची नजर पूर्ण गेली. पण त्याआधी तिनं तो सिनेमा पहिल्या रांगेत, खुर्चीवर बसून, पुढच्या बाजूनं, शेवटपर्यंत पाहिला.